बाण सरळ जावा म्हणून

बाटली आकाशात गेली की मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रत्येक माणूस एकच गोष्ट विचारतो, “कित्ता ऊपर गया?” क्रिकेट खेळणारी पोरं विचारतात, बकऱ्या हाकत जाणारे चाचा विचारतात, आणि आमच्या भाच्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, आम्ही घरी आल्यावर चहा ठेवता ठेवता तेच मराठीत विचारते. आकडा ऐकून सगळ्यांचं समाधान होतं. उंची ही बघणाऱ्याची हौस आहे. ज्याने रॉकेट बनवलं त्याच्या मनात वेगळंच चाललेलं असतं. ते वाकलं का? कितव्या मजल्याएवढं गेल्यावर वाकलं? वाऱ्याकडे की वाऱ्याबरोबर?

हैदराबादेत मौला अलीच्या बाजूला अजून थोडी मोकळी जमीन शिल्लक आहे. मधूनमधून ते आपले जुने गोल धोंडे, एकावर एक रचून ठेवल्यासारखे, आणि पलीकडे टेकडीवरचा दर्गा. भाचा नववीत आहे. रॉकेटचं वेड त्याला कुठून लागलं हे शोधत बसायची गरज नाही. या शहरात ते हवेतच आहे. कंचनबागेत संरक्षण संशोधनाच्या प्रयोगशाळा आहेत, त्यांतल्या डीआरडीएलचे अब्दुल कलाम १९८२ पासून संचालक होते, आणि श्रीहरिकोट्याहून १८ नोव्हेंबर २०२२ ला जे ‘विक्रम-एस’ उडालं, भारतातलं पहिलं खाजगी रॉकेट, ते बनवणारी स्कायरूट ही कंपनी इथलीच. शेजारीपाजारी कोणाचे ना कोणाचे काका ‘डिफेन्स लॅब’मध्ये असतातच. रॉकेट का वाकतं हे त्या काकांना नक्की ठाऊक असतं, पण ते एक अक्षर बोलत नाहीत. नोकरीच तशी. मग नववीतल्या मुलाला हे सगळं कोल्ड्रिंकच्या बाटलीकडून शिकावं लागतं.

बाटलीच का, हा वाद घरात रीतसर झाला. त्याने मोबाइलवर परदेशातली पोरं पाहिली होती. पुठ्ठ्याच्या नळीत तयार मोटर सरकवायची, बटण दाबायचं. आपल्याकडे ती मोटर सहज मिळत नाही, म्हणून घरीच काहीतरी कुटून भरावं असा त्याचा विचार होता. मी साफ नाही म्हटलं. आपल्याकडे १८८४ सालचा स्फोटकांचा कायदा आहे, २००८ चे नियम आहेत, परवान्याशिवाय असलं काही बनवणं गुन्हा आहे, आणि हे सगळं बघणाऱ्या केंद्रीय खात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझं मत तेच. वसंतराव गोवारीकरांनी थुंब्याला घन इंधनाचं काम उभं केलं ते बर्मिंगहॅमहून रसायन अभियांत्रिकीची डॉक्टरेट घेऊन. स्वयंपाकघरातल्या खलबत्त्यात नव्हे.

मुळात मॉडेल रॉकेटचा छंद जन्मालाच आला तो घरी कुटलेल्या इंधनाच्या भीतीपोटी. अमेरिकेतल्या नेब्रास्कात ऑर्व्हिल कार्लाइल नावाचा चपला-बुटांचा दुकानदार होता. त्याने भावाच्या व्याख्यानांसाठी कागदी नळीची छोटी रॉकेटं आणि बदलता येणाऱ्या मोटरी बनवल्या. हॅरी स्टाइन हा क्षेपणास्त्रांच्या चाचणी तळावर काम केलेला लेखक. घरी रॉकेट बनवताना पोरांची बोटं तुटतात हे तो जाणून होता. १९५७ साली दोघांची गाठ पडली आणि एक साधी वाटणी ठरली: जळणारा भाग कारखान्याने बनवायचा, बाकीचं रॉकेट मुलाने. हा शोध मला अग्निबाणाच्या शोधाइतकाच मोठा वाटतो. कारण त्यामुळे प्रयोग कुठे करायचा ते ठरलं. इंधनाला हात लावायचा नाही. नाक, धड, पंख, वजन, हत्तीएवढं काम त्यातच पडलेलं आहे. आमच्याकडे कारखान्याची मोटर नाही, तर तिच्या जागी पाणी आणि दाबलेली हवा. तत्त्व तेच.

बाटलीत एक तृतीयांशाच्या आसपास पाणी, वर पंपाने भरलेली हवा, तोंडाशी खटका. दोरी ओढली की हवा पाण्याला खाली ढकलते आणि बाटली वर सुटते. पाणी नुसतं नावाला घातलं तर फुस्स होतं, गळ्यापर्यंत भरलं तर हवेलाच जागा राहत नाही आणि जड बाटली दोन हात उडून लोळते. हे गणित एका दुपारी समजतं. पाणी सगळं बाहेर पडायला सेकंदाचा अंश लागतो, पुढचा सगळा प्रवास रिकाम्या बाटलीचा. आणि खरी भानगड तिथे सुरू होते.

भाच्याची पहिली कल्पना अशी की वजन खाली ठेवावं, म्हणजे रॉकेट उभं राहील. बुडाला वजन असलेली बाहुली पाडली तरी उठते, तसं. ही कल्पना इतकी पटण्यासारखी आहे की रॉबर्ट गॉडर्डलाही ती पटली होती. १६ मार्च १९२६ ला मॅसॅच्युसेट्समधल्या ऑबर्न गावच्या शेतात त्याने द्रव इंधनाचं जगातलं पहिलं रॉकेट उडवलं. त्याचे फोटो पाहा: इंजिन वर आहे आणि टाक्या खाली लोंबताहेत. इंजिन वरून ओढेल, वजन खाली टांगलेलं राहील, म्हणजे ते सरळ जाईल, असा हिशेब. ते साधारण साडेबारा मीटर वर गेलं, वळलं, आणि अडीच सेकंदांत कोबीच्या वाफ्यात जाऊन पडलं. इतिहास घडला, पण हिशेब चुकीचा होता. टांगलेल्या वस्तूला वर धरणारा खिळा जागेवर असतो. रॉकेटचा जोर रॉकेटबरोबरच कलतो, त्यामुळे त्याला ओळंबा सापडत नाही. पुढे गॉडर्डने इंजिन खाली नेलं आणि सरळपणा राखायला जायरोस्कोप बसवला.

भाच्याला हे तोंडाने सांगून काही उपयोग झाला नाही. दोऱ्याने झाला. रिकाम्या बाटलीचा तोल जिथे साधतो तिथे दोरा बांधायचा, चिकटपट्टी मारायची, आणि गोफणीसारखी डोक्याभोवती गरगर फिरवायची. वजन खाली असलेली बाटली आधी आडवी झाली, मग शेपूट पुढे करून उलटीच फिरू लागली. मग नाकात शाडूचा गोळा भरला. गणपतीची उरलेली माती, वर्षभर डब्यात पडून होती. पुन्हा फिरवली. नाक पुढे, शेपूट मागे, वर्तुळात गुमान. त्याने ती बराच वेळ फिरवली, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते पहिलं उड्डाण होतानाही दिसलं नव्हतं.

कारण असं. रॉकेट हवेत कललं की हवा त्याला बाजूने ढकलते. तो सगळा ढकलण्याचा जोर एका बिंदूवर एकवटला असं धरा. तो बिंदू तोलाच्या बिंदूच्या मागे असेल तर शेपूट ढकलली जाते आणि नाक पुन्हा जागेवर येतं. पुढे असेल तर नाकच ढकललं जातं आणि रॉकेट कोलांटी खातं. म्हणून वजन डोक्यात हवं आणि पसारा शेपटीत. तो हवेचा बिंदू काढायची एक जुनी युक्ती आहे: पुठ्ठ्यावर रॉकेटची बाजूने दिसणारी आकृती काढायची, कापायची, आणि पट्टीच्या कडेवर तोलायची. जिथे तोलेल तो बिंदू. नेमका नाही, पण चूक असलीच तर सावधपणाच्या बाजूची. जेम्स बॅरोमन या नासातल्या अभियंत्याने १९६६ साली त्याचं नेटकं गणित मांडलं, आणि आज फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ते क्षणात करून देतं. तरी आम्ही पुठ्ठाच कापतो. सॉफ्टवेअर उत्तर देतं. पुठ्ठा कापणाऱ्याला पंख थोडा मागे सरकवल्यावर बिंदू किती सरकतो ते बोटाला कळतं. तोलाचा बिंदू हवेच्या बिंदूच्या पुढे, रॉकेटच्या एक ते दोन व्यासांएवढा असावा, असा या छंदातला दंडक आहे.

पंख आम्ही सनपॅकचे करतो, ते नळ्यानळ्यांचं प्लास्टिक. निवडणूक झाली की खांबाखांबावर उमेदवार हात जोडून लटकत असतात, त्यामुळे हैदराबादेत या मालाची टंचाई कधीच नसते. पक्ष कोणताही असो, पंखाला फरक पडत नाही.

दिवाळीच्या बाणाला काठी का असते, हे मी लहानपणी कधी विचारलं नव्हतं. बाटलीत रोवायला, असंच वाटे. काठी म्हणजे लांब शेपूट. नळकांड्याचं वजन पुढे, काठीचा पसारा मागे. म्हैसूरच्या बाणांनाही ती होती. हैदर आणि टिपूच्या कारागिरांनी दारू भरायला लोखंडी नळी वापरली, त्यामुळे आत दाब जास्त धरला गेला आणि पल्ला वाढला. मागे लांब बांबू. २०१८ साली शिवमोग्गा जिल्ह्यातल्या नगर गावी एका जुन्या विहिरीच्या गाळात असे हजारावर बाण सापडले. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात निजामाचं सैन्य आणि हरिपंत फडक्यांचे मराठे, दोन्ही इंग्रजांच्या बाजूला होते. म्हणजे माझं मूळचं राज्य आणि माझं राहतं शहर, दोघंही या बाणांच्या तोंडाशी उभे. त्यातून शिकून घरी जाऊन प्रयोगशाळा काढली ती मात्र तिसऱ्याने. इंग्रजांनी ते बाण वूलिचच्या शस्त्रागारात नेले, तिथे काँग्रीव्ह नावाच्या इंग्रजाने त्यांवर काम केलं, आणि आपण शनिवारवाड्यावर बसून काय केलं ते आपल्याला माहीत आहे.

काँग्रीव्हच्या बाणांनाही काठी होतीच. ती काढून टाकली विल्यम हेलने, १८४४ मध्ये. धूर तिरपा बाहेर काढला की बाण स्वतःभोवती फिरतो आणि फिरणारी वस्तू सहजासहजी कलत नाही. ही गिरकी अजून चालू आहे. विक्रम-एस सहा मीटर लांब, साडेपाचशे किलोच्या आसपास वजनाचं, एकाच टप्प्याचं रॉकेट, ते ८९.५ किलोमीटरपर्यंत गेलं. त्याला पंखही होते आणि स्वतःभोवती फिरवायला चार छोटे थ्रस्टरही. हे वाचल्यावर भाच्याने आमच्या बाटलीचे पंख किंचित तिरके लावले. बाटली सुंदर गिरक्या घेत गेली, रेषेसारखी सरळ, पण उंची घटली. गिरकीलाही ताकद लागते आणि ती बाटलीतल्याच हवेतून जाते. “मामा, सरळ पायजे का उंच पायजे?” त्याने विचारलं. प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, आधी सरळ.

मग तो अतिरेकाला गेला. नाकात अजून शाडू, मागे हे एवढाले पंख. रॉकेट आता कधीच कोलांटी खाणार नव्हतं, पण जरा वारा आला की थेट वाऱ्याच्या दिशेला तोंड वळवून तिकडे धावत सुटे, कौलावरच्या वातकुक्कुटासारखं. आषाढात हैदराबादेत पश्चिमेचा वारा दिवसभर वाहतो; त्या दिवसांत असं रॉकेट मैदानात पडतच नाही. संक्रांतीच्या आसपास सकाळी हवा शांत असते, पण तेव्हा आकाश धूळपेठेच्या पतंगांनी भरलेलं आणि खाली मांजा. जानेवारीत आम्ही सूर्य उगवायच्या आत जातो. पतंगवाले उठायच्या आधी.

मात्र सगळ्यात अवघड गोष्ट यातली कोणतीच नाही. सगळ्यात अवघड आहे एका वेळी एकच बदल करणं. रॉकेट वाकलं की मुलाचे हात शिवशिवतात; तो पंख बदलतो, पाणी कमी करतो, नाक जड करतो, आणि पुढचं उड्डाण झकास होतं. पण का झालं? कुणालाच माहीत नाही. असं झकास उड्डाण मला वाया गेल्यासारखं वाटतं. म्हणून वहीचा नियम आला: पाणी किती, पंपाचा काटा किती, वारा कुठून, काय बदललं, आणि काय झालं. उंची शेवटच्या रकान्यात. ती काढायला कोनमापकाला दोरा आणि नटाचा ओळंबा लावलेला आहे, मोजलेल्या अंतरावर उभं राहून कोन बघायचा आणि टॅनच्या कोष्टकाने गुणायचं. दहावीच्या पुस्तकातलं त्रिकोणमितीचं प्रकरण, नववीतच पाठ झालं.

वही म्हटलं की मला शिवकर बापूजी तळपदे आठवतात. १८९५ साली त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं असं आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं. उंचीसुद्धा सांगितली जाते. त्याची भरवशाची समकालीन नोंद काही मिळत नाही. पण मला खटकतं ते दुसरंच. उडालं म्हणून सांगतात, त्याआधी किती वेळा पडलं ते कोणी सांगत नाही. ज्याने खरंच काही उडवलं आहे त्याच्याकडे पडल्याच्या गोष्टी जास्त असतात. राइट बंधूंकडे होत्या. कलामांकडे होत्या: १९८९ च्या एप्रिल-मे महिन्यांत ‘अग्नी’ क्षेपणास्त्राचं उड्डाण आयत्या वेळी दोनदा थांबवावं लागलं, तेव्हा अमूलने फलक लावला की अग्नीला इंधन म्हणून आमचं लोणी वापरा. २२ मे ला ते उडालं. तो फलक कलामांनी स्वतःच्या आत्मचरित्रात नोंदवून ठेवला आहे. वही म्हणतात ती ही.

उडवण्याआधी बांधून बघणं, ही दुसरी शिस्त. स्कायरूटने विक्रम-एसच्या आधी, डिसेंबर २०२० मध्ये, ‘कलाम-५’ ही छोटी मोटर जमिनीला जखडून पेटवली. ती चाचणी झाली नागपुरात, सोलर इंडस्ट्रीजच्या आवारात. पुढच्या वर्षी ‘धवन-१’ हे क्रायोजेनिक इंजिनही तिथेच पेटलं. हैदराबादचं रॉकेट, विदर्भातली भट्टी. आमची चाचणी अंगणातली. नवी बाटली काठोकाठ पाण्याने भरून, हवा जवळजवळ न ठेवता, उडवताना लागतो त्याहून जास्त दाब द्यायचा. पाणी दबत नाही, त्यामुळे बाटली फुटली तरी नुसती भिजवते; तीच हवेने भरलेली फुटली तर तुकडे उडतात. खऱ्या रॉकेटच्या कवचांनाही अशीच पाण्याच्या दाबाची परीक्षा द्यावी लागते. या परीक्षेत नापास झालेल्या बाटल्या बहिणीने मनीप्लांट लावायला नेल्या.

पॅराशूटबद्दल फार लिहीत नाही, कारण ते आमचं अजून धड उघडत नाही. नाक सैल ठेवलं तर ते वर जातानाच निघतं, घट्ट बसवलं तर खाली आपटेपर्यंत निघत नाही. पण खाली सुखरूप येणं ही वर जाण्याहून मोठी गोष्ट असू शकते, याचा दाखला आमच्या मैदानापासून फार लांब नाही. ईसीआयएलच्या भागात टीआयएफआर या संशोधन संस्थेचं फुग्यांचं केंद्र आहे. तिथून २० एप्रिल २००५ ला एक प्रचंड फुगा सोडला गेला. त्याने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा नळकांड्यांत भरून घेतली आणि ती नळकांडी पॅराशूटने खाली आली. प्रकल्पाचे प्रमुख होते जयंत नारळीकर. नमुने एकाच ठिकाणी तपासले नाहीत. काही हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेत, काही पुण्याच्या एनसीसीएसमध्ये, दोघांनी स्वतंत्रपणे. जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या, एकीला खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचं नाव दिलं. आग नाही, आवाज नाही, आणि उंची आमच्या बाटलीच्या हजार पटीच्या घरात.

हे सगळं चांगलं चाललंय, पण एका मामाच्या आणि एका मैदानाच्या भरवशावर. २०२५ साली उत्तर प्रदेशात कुशीनगर जिल्ह्यात विद्यार्थ्यांची मॉडेल रॉकेटची राष्ट्रीय स्पर्धा झाली, इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अंतराळ संस्थेच्या पुढाकाराने, पण ती महाविद्यालयांची. शाळेतल्या मुलाला तपासलेली, परवानाधारक, छोटी मोटर शिक्षकाच्या देखरेखीखाली मिळावी अशी सोय आपल्याकडे व्हायला हवी. ती होईपर्यंत पाणी आहे, आणि पाणी वाईट नाही: दारूची मोटर एकदाच जळते, बाटली दिवसभर उडते. हैदराबादेतल्या मराठी शाळांना पटांगणं आहेत, रविवारी रिकामी असतात. एक रविवार या खेळाला द्या, एवढीच संचालक मंडळींना विनंती.

आणि घरात असं पोर असेल तर: बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या, बिसलेरीची पातळ असते. पंप लांब नळीचा हवा आणि काट्याचा. दाब भरला की बाटलीजवळ कोणी जायचं नाही, वाकून बघायचं तर मुळीच नाही. डोळ्यांवर चष्मा. ओरखडा पडलेली, दुमडलेली बाटली फेकून द्या, कितीही लाडकी असली तरी. आणि वही आधी विकत घ्या, पंप नंतर.